निर्दोषपणाचा दाखला : मराठी साहित्यातील वेश्या आणि हिजडा

मराठी साहित्यात वेश्येला प्रवेश मिळतो तो बहुधा दाखला दाखवून. ती फसवली गेली होती, विकली गेली होती, देवाला सोडली गेली होती, आजारी लेकरासाठी तिचा निरुपाय झाला होता, असा काही पुरावा लेखक पहिल्या पन्नास पानांतच आपल्या हाती ठेवतो आणि मग तिला उंबरठ्याच्या आत घेतो. आपणही वाचक म्हणून तो दाखला उलटसुलट करून पाहतो आणि शिक्का खरा वाटला की डोळ्यांत पाणी आणतो. हिजड्यांच्या वाट्याला तर हा दाखलाही पुष्कळ काळ आला नाही. कथाकादंबऱ्यांत ते आले ते टाळ्या वाजवीत, एखाद्या लग्नघराच्या किंवा रेल्वेच्या डब्याच्या वर्णनात, आणि परिच्छेद संपताच निघून गेले.

या दाखल्याविषयी आम्हांला काही लिहावयाचे आहे. धर्मगुरूने असल्या विषयात पडावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आम्ही पुस्तकांवर लिहीत आहोत, एवढे उत्तर तूर्त पुरे.

प्रथम शब्दांकडे पाहू. गणिका, वारांगना, कसबीण, पतिता, वेश्या, देहविक्रय करणारी स्त्री असे शब्दांचे एक लांबलचक दालन मराठीत आहे. त्यांतील 'पतिता' हा शब्द सुधारकांच्या काळात फार चालला. त्यात करुणा आहे, पण उभा राहून खाली पाहणाऱ्याची. 'देहविक्रय' हा शब्द त्या मानाने सभ्य व तटस्थ वाटतो. परंतु जी वस्तू विकली ती घेणाऱ्याची होते, हा विक्रीचा साधा अर्थ लक्षात घेतला तर त्या शब्दाने बाईचा देह कायमचाच गिऱ्हाइकाच्या नावावर करून टाकला आहे, असे दिसून येईल. ज्या स्त्रिया हे काम करतात त्या स्वतः 'धंदा' म्हणतात आणि त्या शब्दात अलंकार नाही. 'तृतीयपंथी' या शब्दाचेही तसेच. तो आपण आदराने वापरतो, पण ज्याला माणसाने पत्करावे किंवा सोडावे असा हा काही पंथ नव्हे. अलीकडे 'पारलिंगी' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी मात्र आपल्या आत्मकथनाच्या नावातच 'हिजडा' हा शब्द घेतला. ज्या शब्दाने रस्त्यावर हाक मारली जाई तोच त्यांनी मुखपृष्ठावर छापला. पुढे या पुस्तकाकडे आपण येणारच आहोत.

आपल्या घरातल्या पुस्तकाचेही या संदर्भात स्मरण करावयास हवे. बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरात, जकातदारांच्या सोबतीने ज्या स्त्रिया धर्मपंडितांच्या आधी देवाच्या राज्यात जातील असे प्रभू म्हणतो, त्यांच्यासाठी 'कळवंतिणी' हा शब्द योजला आहे. भाषांतरकारांचा हेतू शुद्ध होता. त्या काळच्या बोलीत जो शब्द सापडला तो त्यांनी घेतला. परंतु कलावंत हे गोव्यातील व कोकणातील एका जिवंत समाजाचे नाव होते. देवळांच्या सेवेला बांधलेल्या, गायन आणि नृत्य पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या स्त्रियांचा तो समाज. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे घेतली की गाणे जाणणारा वाचक कान पकडील. एका समाजाचे नाव वेश्यावाचक शब्द म्हणून बायबलमध्ये गेले आणि आपण ते उपासनेत वाचत राहिलो. त्या समाजात जन्मलेल्या राजाराम रंगोजी पैंगिणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले, 'मी कोण?'. बापाचे नाव विचारणाऱ्या जगाला त्यांनी उलट प्रश्न केला. नीतिमान म्हणवणाऱ्या घरांतील पुरुष कोणत्या वाटेने कोणत्या घरी जात होते, याचा हिशेब त्या पुस्तकात वाचकाला करावा लागतो. आमच्या मते गोमंतकीय मराठी गद्यातील हे एक महत्त्वाचे पुस्तक आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

याच प्रदेशाच्या उंबरठ्यावरची कादंबरी म्हणजे जयवंत दळवी यांची 'महानंदा'. दळवी आरवलीचे. देऊळ, भाविणी आणि गावातली कुजबुज हे सगळे त्यांच्या परिचयाचे. श. ना. नवरे यांनी या कादंबरीवरून 'गुंतता हृदय हे' हे नाटक लिहिले आणि ते रसिकांनी डोक्यावर घेतले. भाविणीच्या घरात जन्मलेली नायिका आणि बाहेरून आलेला सुशिक्षित पुरुष, ही या कथेची चौकट. दळवींची सहानुभूती खरी आहे आणि कोकणचे वर्णन तर त्यांच्या हातचा मळ. तरीही नायिका आपल्याला प्रिय होते ती ती एकनिष्ठ असल्यामुळे. ती मनाने कुलीन आहे, जन्माने तेवढी अडकली आहे, अशी आपली समजूत पटवून दिली जाते. तिच्याच घरातली जी बाई एकनिष्ठ नसेल, जिने परिस्थितीशी जुळवून घेऊन चार दागिने केले असतील, तिच्याविषयी आपल्याला काय वाटेल? कादंबरी आपल्याला त्या प्रश्नापाशी नेत नाही. दाखला असलेल्या बाईला घरात घेऊन ती दार लावून घेते.

हे दार लाथेने उघडले नामदेव ढसाळांनी. 'गोलपिठा' 1972 साली आला. विजय तेंडुलकरांची त्याला प्रस्तावना होती आणि ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांच्या सोबतीने त्या वस्तीतून हिंडले होते. ढसाळांच्या कवितेत कोणाही बाईकडे दाखला मागितलेला नाही. तिथली भाषा आपल्या घरांत मोठ्याने वाचता येण्यासारखी नाही, हे आम्ही जाणतो आणि कुमारवयीन मुलांच्या हाती ते पुस्तक द्या असे कोणाला सांगणार नाही. पण प्रौढ वाचकाने ते टाळावे असेही आम्हांला वाटत नाही. कामाठीपुरा हे मुंबईचे शरीर आहे, तिचा डाग नव्हे, हे ढसाळांनी मराठीला ऐकवले. आमची एक तक्रार मात्र आहे. 'मंदाकिनी पाटील' हिच्यावरची कविता घ्या. तिच्यात संताप आहे, कळवळा आहे, प्रतिमांचा लोंढा आहे. मंदाकिनी मात्र बोलत नाही. ती शहराच्या जखमेची प्रतिमा होते आणि प्रतिमेला सकाळी उठून पाणी भरावे लागत नाही.

येथे तेंडुलकरांच्याच 'कमला' या नाटकाचा उल्लेख केल्याविना पुढे जाववत नाही. बायकांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी एक पत्रकार एका आदिवासी स्त्रीला विकत घेऊन दिल्लीला आणतो. 1981 साली एका इंग्रजी दैनिकाच्या वार्ताहराने खरोखरच असे केले होते. नाटकात ती बाई पत्रकाराच्या सुशिक्षित पत्नीला अगदी निरागसपणे विचारते की, तुम्हांला यांनी केवढ्याला घेतले. संबंध नाटकात तिची वाक्ये मोजकी, पण त्या एका प्रश्नाने दाखला तपासणाऱ्याच्या हातातून दाखला गळून पडतो.

आता राजन गवस यांच्याकडे वळू. आमच्या विवेचनाचा मुख्य भाग तोच आहे. 'तणकट' या कादंबरीला 2001 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यामुळे त्यांचे नाव सर्वत्र झाले, परंतु 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या त्यांच्या 1980च्या दशकातील दोन कादंबऱ्या आम्हांला अधिक अस्वस्थ करतात. कोल्हापूरचा दक्षिण भाग आणि पलीकडे सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर, हा त्यांचा प्रदेश. मुलीच्या केसांत जट झाली, म्हणजे देवीचे बोलावणे आले. वास्तविक तेल नाही, फणी नाही, साबण नाही, म्हणून केस गुंततात. पण जट कापायची नाही आणि मुलगी देवीला सोडायची. गळ्यात दर्शन बांधले की तिचे लग्न लागले ते देवीशी आणि तिचे शरीर गावाच्या हवाली झाले. डोक्यावर जग घ्यायचा, कपाळभर भंडारा लावायचा, चौंडक्याच्या तालावर दारोदार जोगवा मागायचा. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला बांगड्या फोडायच्या. नवराच नाही, पण वैधव्य आहे!

हे सारे गवस समाजशास्त्राच्या पुस्तकासारखे सांगत नाहीत. ते बोलीत सांगतात आणि बोलीत सांगितल्यामुळे त्यात न्यायनिवाडा करणारा तिऱ्हाईत उरत नाही. आई रडते आणि तीच मुलीला सोडायला निघते. शेजारीण हळहळते आणि तीच जट मोजते. कोणी एक खलपुरुष उभा केला असता तर वाचकाला हायसे वाटले असते. गवस तो देत नाहीत. गाव चांगले आहे, माणसे साधी आहेत, आणि हे घडते. धर्माच्या नावाने माणसे साधेपणाने काय काय करतात, याचा विचार यल्लम्माच्या डोंगरापासून दूर राहणाऱ्यांनीही करावा, असे आम्हांला वाटते. देवदासींच्या बाजूने या भागात चळवळ झाली. मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली झाला आणि महाराष्ट्राने पुन्हा 2005चा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम केला. एकाच गोष्टीसाठी पुन:पुन्हा कायदा करावा लागतो तेव्हा ती गोष्ट कायद्याच्या खोलीपेक्षा खाली मुरलेली असते.

'भंडारभोग'मध्ये ही कहाणी पुरुषावर येते. देवीने धरले असे ठरवून एका तरुणाला जोगता व्हावे लागते. साडी, बांगड्या, केस, आणि गावाच्या नजरेत झालेला बदल. कालपर्यंत ज्याच्या खांद्यावर हात टाकला त्याच्याकडे मित्र आता कसे पाहतात, हे या कादंबरीतले अत्यंत जिव्हारी लागणारे अंग आहे. या दोन्ही कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांच्या आधारे राजीव पाटील यांनी 2009 साली 'जोगवा' हा चित्रपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातली गाणी घराघरांत पोहोचली. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी कादंबऱ्या वाचल्या नसतील, पण चित्रपट पाहिलेला असेल.

चित्रपट चांगला आहे. उपेंद्र लिमये आणि मुक्ता बर्वे यांच्या अभिनयाविषयी दुमत असू नये. मात्र पाहताना एक गोष्ट खटकत राहते. तायाप्पा आणि सुली यांचे प्रेम जुळते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो, कारण साडीखाली पुरुष होताच. त्याला उगाच बाई केले होते, तो तसा नाही! आपली सगळी करुणा या 'तो तसा नाही'वर उभी आहे. समजा तो तसाच असता तर? ज्याला साडी ही शिक्षा वाटत नाही, ज्याला आरशात पहिल्यांदा आपण दिसलो असे वाटते, असा जोगता त्या डोंगरावर नसेल काय? त्याच्यासाठी आपले डोळे भरून आले असते काय? येथे पुन्हा तोच दाखला. बळजबरी सिद्ध करा, मग रडू. कादंबरी चित्रपटापेक्षा येथे अधिक प्रामाणिक आहे. ती सुटकेची घाई करीत नाही.

त्या 'तसाच असता तर'चे उत्तर मराठीत 2012 साली छापून आले. 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे पुस्तक वैशाली रोडे यांनी शब्दांकित केले आहे. ठाण्यातील उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंबातला थोरला मुलगा. आजारपणे, नृत्याची ओढ, बालवयात झालेले अत्याचार, शाळेतली चेष्टा, पुढे बारमधले नृत्य आणि अखेर हिजडा समाजात प्रवेश. गुरू-चेला, घराणी, नायक, बधाई ही रचना आतल्या माणसाने सांगितल्यामुळे, बाहेरून जे गूढ वाटत होते ते एखाद्या एकत्र कुटुंबाच्या कारभारासारखे दिसू लागते. त्यात माया आहे आणि जाचही आहे.

पुस्तक म्हणून त्यात उणिवा आहेत. पूर्वार्धात जी घट्ट वीण आहे ती उत्तरार्धात सैल होते. परदेशचे दौरे, परिषदा, प्रसिद्ध माणसांच्या भेटी यांची जंत्री वाढत जाते. निवेदिकेला स्वतःच्या देखणेपणाचे कौतुक आहे आणि ते ती लपवीत नाही. काही समीक्षकांना हा आत्मगौरव खुपतो. आम्हांला तो खुपला नाही. ज्याला आयुष्यभर विद्रूप म्हटले गेले त्याने आरशासमोर जरा अधिक वेळ घालवला तर कोणाचे काय बिघडले? संतांच्या आत्मकथनांत दैन्य शोधण्याची सवय लागलेल्या आमच्यासारख्या वाचकाला प्रथम थोडे अडखळल्यासारखे होते, एवढेच.

या पुस्तकाचा गाभा आमच्या मते वेगळाच आहे. तो आहे ते घर. वडील जुन्या वळणाचे, जातीचा अभिमान असलेले. त्यांना कळते, धक्का बसतो, रडारड होते, आणि तरीही मूल घरातच राहते. लक्ष्मी हिजडा झाल्यावरही आईबापांची थोरली संतती राहते, घराची जबाबदारी उचलते. इतर हिजड्यांच्या कहाण्यांशी हे ताडून पाहावे. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सुटते, शाळा सुटते, ओळखपत्र नसते, नोकरी कोणी देत नाही. मग सिग्नलवरची भीक किंवा रात्रीचा धंदा, या दोनच वाटा उरतात. म्हणजे या लेखातले दोन विषय, वेश्या आणि हिजडा, रस्त्याच्या एकाच कोपऱ्यावर येऊन भेटतात. आणि तिथवर पोहोचवणारी वाट पुष्कळदा आपल्यासारख्याच एखाद्या घराच्या दारातून निघते. आपल्या धर्मग्रामांतील पालकांनी हे पुस्तक वाचावे असे आम्ही सुचवतो ते लक्ष्मीसाठी नव्हे, तिच्या वडिलांसाठी.

शब्दांकनाचा मुद्दा राहिला. दुसऱ्याने लिहिलेले आत्मकथन किती आत्म असते? केरळातल्या नलिनी जमीला यांनी वेश्या म्हणून जगलेल्या आयुष्याची कहाणी मलयाळममध्ये 2005 साली प्रसिद्ध केली. पण पहिल्या आवृत्तीत आपला आवाज नीट उतरला नाही म्हणून त्यांनी ती बाजूस सारून नवी आवृत्ती काढली. आम्हांला हा प्रसंग समीक्षेच्या वर्गात शिकवण्यासारखा वाटतो. आपली दुःखे दुसऱ्याने अधिक दुःखी करून लिहिली, तर ती नाकारण्याचा हक्कही माणसाला हवा.

महाराष्ट्रात हा आवाज पुस्तकापेक्षा सभेत अधिक ऐकू आला. सांगलीत 'संग्राम' या संस्थेच्या कामातून 1996 साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. संघटनेच्या नावातच 'वेश्या' हा शब्द त्यांनी घेतला. अल्पवयीन मुलीला फसवून आणणे आणि प्रौढ बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणे, या दोहोंत फरक करा, असे त्यांचे म्हणणे. या ठिकाणी आम्ही आमचे मत स्पष्टपणे सांगतो. हा धंदा इतर धंद्यांसारखाच एक धंदा आहे, हे आम्हांला पटत नाही. तो माणसाच्या प्रतिष्ठेशी विसंगत आहे अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि त्या शिकवणीत घेणाऱ्याचे पाप देणारीच्या पापाच्या मागे लपवलेले नाही. मर्जी म्हणजे काय, भुकेची मर्जी ही मर्जी असते काय, हे प्रश्नही आम्ही सोडून देऊ शकत नाही. तथापि आम्हांला पटत नाही म्हणून त्या बाईच्या पोराला शाळेत घेऊ नये, पोलिसाने तिच्या पाठीत काठी घालावी, रेशन दुकानदाराने तिला हाकलावे, असा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्राने निघतो? गुरुविद्यालयात आम्ही तर्कशास्त्र शिकलो आहोत; त्यात असा नियम नाही.

कायद्याची गोष्टही थोडी पाहावी, कारण तिथेही दाखला आहेच. 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा ठरवलेला नाही. कुंटणखाना चालवणे, दलाली करणे, उपासनास्थान किंवा शाळेच्या 200 मीटरच्या आत हा व्यवसाय करणे हे गुन्हे आहेत. वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या प्रौढ व्यक्तीलाही शिक्षा आहे. या व्याख्येत दलाल सापडतो आणि म्हातारी आई किंवा कॉलेजात शिकणारा मुलगाही सापडू शकतो. सप्टेंबर 2020मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन प्रौढ तरुणींना सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा या कायद्याने व्यवसायच गुन्हा होत नाही हे पुन्हा सांगावे लागले. त्याच महिन्यात, टाळेबंदीने उपासमार झालेल्या या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले. 1999 साली कोलकात्यात एका वेश्येचा खून झाला होता. त्या खटल्यातूनच पुढे 19 मे 2022 रोजी न्यायालयाने निर्देश दिले की पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, छाप्याच्या वेळी त्यांची नावे व छायाचित्रे प्रसिद्ध होऊ नयेत, आणि केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून मूल तिच्यापासून तोडू नये. वर्तमानपत्रांतल्या छाप्याच्या बातम्या आठवून पाहाव्यात. तोंडावर ओढण्या घेतलेल्या बायका रांगेत बसलेल्या असत. गिऱ्हाइके मात्र त्या छायाचित्रात क्वचितच असत.

हिजड्यांची कथा आणखी जुनी. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आणि स्त्रीवेशात नाचणेगाणे शिक्षेस पात्र ठरवले. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात लक्ष्मी त्रिपाठी न्यायालयापुढे होत्या. परंतु 2019 साली संसदेने जो कायदा केला त्यात ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घेण्याची तरतूद आली. शिवाय, पारलिंगी व्यक्तीवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यास त्या कायद्यात शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षे. त्याच वेळी स्त्रीवरील बलात्काराला किमान 10 वर्षांची शिक्षा होती. एकाच अपराधाचे दोन भाव! अशा वेळी कादंबरीकाराला काही नव्याने रचण्याची गरजच राहत नाही.

हे सारे लिहून झाल्यावर आपल्याच अंगणाकडे न पाहणे बरे दिसणार नाही. मरिया माग्दालेना ही वेश्या होती असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. इसवी सन 591च्या सुमारास पोप महान ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात तीन निरनिराळ्या स्त्रिया एक केल्या आणि चौदा शतके चित्रकारांनी तिला केस मोकळे सोडून रडताना रंगवले. 1969च्या उपासना-दिनदर्शिकेत हा घोळ दूर झाला आणि 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. पण मधल्या काळात तिचे नाव आणखी एका ठिकाणी गेले. आयर्लंडमध्ये 'माग्दालेना' नावाची धुलाईगृहे चालत. 'पतित' म्हटलेल्या मुलींना तेथे ठेवून वर्षानुवर्षे बिनपगारी कपडे धुवावयास लावले जाई. 1993 साली डब्लिनमधल्या एका मठाची जमीन विकताना शंभराहून अधिक स्त्रियांची प्रेते उकरली गेली आणि त्यांतल्या कित्येकींच्या मृत्यूची नोंद सापडली नाही. शेवटचे धुलाईगृह 1996 साली बंद झाले; 2013 साली आयरिश पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. ही गृहे चालवणाऱ्या धर्मभगिनी दुष्ट होत्या असे म्हणून सुटता येत नाही. गवसांच्या कादंबरीतल्या गावासारखे ते आहे.

दुसरी बाजूही याच ख्रिस्तसभेतली आहे. 2020च्या टाळेबंदीत रोमजवळच्या तोरवायानिका या किनारपट्टीवरच्या गावात काही पारलिंगी स्त्रिया, बहुतेक दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आणि धंदा करणाऱ्या, चर्चच्या दाराशी आल्या. धंदा बंद, खायला नाही. तेथील धर्मगुरूने त्यांना शिधा दिला, पोपमहोदयांच्या दानखात्यातून पैसे आले, आणि पुढे त्या बुधवारच्या सार्वजनिक भेटीत पोप फ्रान्सिस यांना जाऊन भेटल्या. 2023 साली श्रद्धासिद्धांत विभागाने पारलिंगी व्यक्तींना काही अटींवर बाप्तिस्मा घेता येतो असे स्पष्ट केले. 2024च्या मानवी प्रतिष्ठेवरील घोषणेत त्याच विभागाने लिंगबदलाच्या वैद्यकीय उपायांना सर्वसाधारणपणे विरोधही नोंदवला. या दोन दस्तऐवजांत ताण आहे, तो आम्ही नाकारीत नाही. तोरवायानिकाच्या दारात मात्र तांदूळ मोजण्याआधी कोणी प्रश्नपत्रिका वाटली नाही.

प्रेषितांच्या कृत्यांतला तो कूशी अधिकारी आठवा. आपल्या जुन्या भाषांतरात त्याला 'षंढ' म्हटले आहे. रथात बसून तो यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत होता. फिलिप्पाने त्याला एकच गोष्ट विचारली, वाचतोस ते समजते काय, हीच. वाचकाला विचारण्याजोगा हाच एक प्रश्न आहे, असे समीक्षक म्हणून आम्हांला वाटते.

राहता राहिली व्यवहाराची गोष्ट. एखाद्या धर्मग्रामाच्या वाचनालयाला या विषयावर दोनच पुस्तके घेणे शक्य असेल तर त्यांनी 'चौंडकं' आणि 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' घ्यावीत. 'मी कोण?' मिळाल्यास जरूर घ्यावे. 'चौंडकं'ची बोली वसई-ठाण्याच्या वाचकाला सुरुवातीला अवघड जाईल. शब्दार्थ शोधत बसू नये; मोठ्याने वाचावे, म्हणजे सात-आठ पानांत कान तयार होतो. लक्ष्मीचे पुस्तक मात्र बंद कपाटात ठेवू नये. ज्याला ते हवे असेल असा मुलगा किंवा मुलगी ग्रंथपालाकडे किल्ली मागायला येणार नाही.